तळमजल्यावरची खोली, मार्च महिना

लीला सरंजामेनं अर्धा न्यूझीलंड गाडीत बसून पाहिला होता. प्रमोद आणि इरा धबधब्यापर्यंत, दीपगृहापर्यंत, नाहीतर एखाद्या टेकडीच्या माथ्यापर्यंत चालत जायचे आणि लीला कार पार्कमध्ये थर्मास आणि पुस्तक घेऊन त्यांची वाट बघायची. परत आल्यावर इरा कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर आईला सगळं दाखवायची. "किती सुंदर आहे गं," लीला म्हणायची. तिला ते खरोखरच सुंदर वाटायचं.

ती मूळची मिरजेची. दीड वर्षांची असताना पोलिओ झाला आणि उजव्या पायातलं बळ गेलं ते गेलंच. तेव्हापासून मांडीपर्यंत कॅलिपर, म्हणजे पायाला पट्ट्यांनी बांधलेला लोखंडी आधार, आणि दोन्ही हातांत कुबड्या. पण बाई घरात बसणाऱ्यातली नव्हती. पुण्यात ग्रंथालयशास्त्र शिकली, एका कॉलेजच्या लायब्ररीत अकरा वर्षं नोकरी केली, तिथेच येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका इंजिनिअरशी, म्हणजे प्रमोदशी, लग्न केलं. दोन हजार साली तिघं ऑकलंडला आली. शहराच्या दक्षिणेला, टाकानिनीत, नव्या वसाहती उभ्या राहत होत्या. त्यांत एकही पायरी नसलेलं घर प्रमोदनं शोधून काढलं. लीलाला जवळच्या पापाकुराच्या लायब्ररीत काम मिळालं आणि संसार मार्गी लागला.

प्रमोद भला माणूस. बायकोला काही त्रास होऊ नये म्हणून तो इतक्या गोष्टी आधीच ठरवून टाकायचा, की तिला ठरवायला फारसं काही उरायचंच नाही. कुठे जायचं, कुठे थांबायचं, तिनं कुठून बघायचं, सगळं तयार. लीलाला त्याचा राग यायचा नाही. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी एकदा तिच्या मनात आलं, की आयुष्यात आपण पुस्तकं सोडून दुसरं काहीच स्वतः निवडलेलं नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

दोन हजार सातच्या जूनमध्ये ती पापाकुरा स्टेशनजवळच्या मिसेस हानकडे पँट शिवायला टाकायला गेली होती. मिसेस हान व्हिएतनामी, साठीच्या, बोलायला कमी. कॅलिपरवरून जाईल अशी पँट, उजवी बाजू जरा रुंद पण बघणाऱ्याला कळणार नाही अशी, त्यांच्याइतकी नीट कुणीच शिवत नसे. त्या दिवशी भिंतीवर एक नवा फोटो होता. पिवळ्या भिंतींची, काळपट लाकडी दारांची, कौलारू घरं आणि मधून गेलेली अरुंद गल्ली.

"हे कुठलं?" लीलानं विचारलं.

"माझं गाव. होई आन," मिसेस हान तोंडातल्या टाचण्या काढत म्हणाल्या. "जुनं बंदर आहे. चिनी, जपानी व्यापारी यायचे. बहिणीनं फोटो पाठवलाय. आता तिथे गाड्या आत सोडत नाहीत. सगळे चालत नाहीतर सायकलवर."

"चढ आहे का?"

मिसेस हाननी तिच्या पायाकडे पाहिलं आणि प्रश्न बरोबर ओळखला. "गाव तळहातासारखं सपाट. माझी आजी नव्वदाव्या वर्षी काठी टेकत बाजारात जायची. पण घराला उंबरा असतो हं, एवढा." त्यांनी गळ्यातली टेप जमिनीपासून वर धरून दाखवली. वीतभर उंच.

घरी जाताना लीलाच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. जिथे गाडी आत जातच नाही, ते गाव गाडीतून बघायचं म्हटलं तरी बघता येणार नाही.

पुढच्या महिनाभरात तिनं लायब्ररीतलं व्हिएतनामवरचं प्रत्येक पुस्तक घरी नेलं. पुस्तकांचं आपसांत एकमत नव्हतं. एक म्हणे, हे गाव बाराही महिने रम्य. दुसरं म्हणे, पावसाळ्यात जरा ओलं. हॉटेलांचेही तीन तट होते. जुन्या गावातली घरगुती हॉटेलं स्वस्त आणि देखणी, पण त्यांचे जिने शिडीसारखे. समुद्रकाठची रिसॉर्टं ऐसपैस, पण गावापासून चार-पाच किलोमीटर दूर. म्हणजे पुन्हा गाडी आलीच. या दोन्हींच्या मधे, जुन्या गावापासून चालत दहा मिनिटांवर, काही मध्यम हॉटेलं होती. वीस-पंचवीस खोल्या, मागे छोटा पोहण्याचा तलाव, सकाळचा नाश्ता भाड्यात. लीलाची दहा मिनिटं म्हणजे पंचवीस, हा हिशेब तिनं मनाशी केला आणि अशा अकरा हॉटेलांना ई-मेल पाठवली.

तिनं नेमकं विचारलं होतं. दारात पायऱ्या किती, एकेकीची उंची किती, कठडा कुठल्या हाताला, बाथरूमचं दार किती सेंटिमीटर रुंद, तिथली फरशी कसली, आणि कुबड्यांवर चालणाऱ्या बाईनं कुठल्या महिन्यात यावं.

उत्तरं आली ती अशी. तिघांनी लिहिलं, "नो प्रॉब्लेम मॅडम." एकानं तलावाचा फोटो पाठवला. एकानं कळवलं, की आमचे दोन तगडे कर्मचारी तुम्हाला उचलून वर नेतील. ते वाचून लीलाचे कान तापले. लहानपणी नातेवाइकांच्या लग्नांत तिला असंच उचलून इकडून तिकडे ठेवायचे. तिनं ती ई-मेल पुसून टाकली. बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही.

आणि मग बाराव्या दिवशी थुईचं उत्तर आलं. थुई एका बावीस खोल्यांच्या हॉटेलात रिसेप्शनवर होती. इंग्रजी मोडकंतोडकं, पण पान भरून लिहिलं होतं.

"मी टेप घेऊन मोजले. पुढच्या दारात तीन पायऱ्या, पंधरा सेंटिमीटरच्या, कठडा उजवीकडे. मागच्या दाराने, स्वयंपाकघराजवळून, एकही पायरी नाही. तळमजल्यावर चार नंबरची खोली. बाथरूमचे दार अडुसष्ट सेंटिमीटर, खाली चार सेंटिमीटरची कड आहे, ती वाईट आहे. लिफ्ट नाही. ऑक्टोबर, नोव्हेंबरात येऊ नका. नदी रस्त्यावर येते. इतर पाहुण्यांना आम्ही वरच्या मजल्यावर हलवतो. तुम्ही कशा जाल? डिसेंबर, जानेवारीत बारीक पाऊस, फरश्या निसरड्या. जून ते ऑगस्ट फार ऊन. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत या. तेव्हा गर्दी असते, म्हणून लवकर सांगा."

लीलानं ती ई-मेल दोनदा वाचली. 'तुम्ही कशा जाल?' असं कुणी तिला थेट विचारलं नव्हतं. लोक एकतर विषय टाळायचे, नाहीतर परस्पर व्यवस्था करायचे. आणि ही कुठली कोण पोरगी, गिऱ्हाईक हातचं जाईल याची पर्वा न करता येऊ नका म्हणून लिहीत होती. आपल्याला खोली तळमजल्यावरचीच हवी आणि तळमजला हवा तर मार्चच हवा, एवढं लीलाला त्या संध्याकाळी लख्ख समजलं.

तिनं अजून घरी काही सांगितलं नव्हतं. पण कपाटावरचा पुस्तकांचा ढीग प्रमोदला दिसत होताच. ऑगस्टच्या एका शनिवारी तो खुशीत घरी आला.

"लीला, सरप्राइज! व्हिएतनाम ठरलं. सप्टेंबरच्या शेवटी इराला सुट्टी आहे, ती धरून ऑक्टोबरचा पहिला आठवडा. तिकिटं आणि समुद्रकाठचं रिसॉर्ट, एकत्र डील आहे. सोमवारपर्यंत होल्डवर ठेवलंय. तुला काही म्हणजे काही करावं लागणार नाही. गॅलरीतून थेट समुद्र दिसतो."

लीला पोळ्या लाटत होती. स्टुलावर बसून लाटायची तिची सवय. तिनं लाटणं खाली ठेवलं.

"नको, प्रमोद."

"नको म्हणजे?"

"ऑक्टोबर नको, तेव्हा तिथे नदी रस्त्यावर येते. ते रिसॉर्टही नको. गावाजवळचं एक मध्यम हॉटेल मी ठरवलंय. आपण मार्चमध्ये जायचं."

प्रमोद हसला. मग ती गंभीर आहे हे त्याच्या लक्षात आलं. "अगं, मध्यम हॉटेलात काही सोयी नसतात. तिथे तुझे हाल होतील. रिसॉर्टमध्ये व्हीलचेअर आहे, बस आहे, माणसं आहेत..."

"आणि मी गॅलरीत आहे," लीला म्हणाली. "मला गॅलरीतून बघायचं नाहीये. मला त्या गल्लीत चालायचंय."

"पडलीस म्हणजे? परक्या देशात?"

"पडले तर उठेन. इथे काय पडत नाही मी?"

प्रमोद दुखावला होता. तीन आठवडे खपून त्यानं ते डील शोधलं होतं. चौदा वर्षांची इरा फ्रीजला टेकून उभी होती. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. ती हळूच म्हणाली, "बाबा, शी सेड नो. शी नेव्हर सेज नो."

दोन दिवस प्रमोद जेवढ्यास तेवढंच बोलत राहिला. सोमवारी ऑफिसातून त्याचा फोन आला. "होल्ड सोडला. त्या तुझ्या हॉटेलला कळव मार्चचं. ईस्टरच्या सुट्टीला जोडून मी रजा टाकतो."

लीलानं थुईला कळवलं. चार नंबरची खोली, वीस मार्चपासून नऊ दिवस. थुईचं एका ओळीचं उत्तर आलं: "मी वहीत लाल शाईने लिहिले."

नोव्हेंबरात होई आनला पूर आला, आणि तो नेहमीसारखा नव्हता. प्रमोदनं इंटरनेटवर फोटो पाहिले. पिवळ्या भिंतींना अर्ध्यावर पाणी, गल्लीतून होड्या. त्यानं लीलाला बोलावून ते दाखवले. 'बघ, मी सांगत होतो' असं तो म्हणू शकत नव्हता, कारण सांगत ती होती. तो नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

लीलानं त्याच दिवशी थुईला लिहिलं. उत्तर नाही. आठवड्यानं पुन्हा लिहिलं. नाही. मिसेस हाननी बहिणीला फोन लावला होता. बहीण सुखरूप होती, पण घरात छातीएवढं पाणी येऊन गेलं होतं. त्या हॉटेलचं तिला काही ठाऊक नव्हतं. तीन आठवडे झाले. लीलाला आता खोलीची काळजी वाटत नव्हती. टेप घेऊन पायऱ्या मोजणारी ती मुलगी कुठे असेल, हे तिला कळत नव्हतं.

"आपण दुसरं हॉटेल बघायचं का?" प्रमोदनं जपून विचारलं. "रिसॉर्टच असं नाही. तू म्हणशील ते."

लीला पहिल्यांदाच डगमगली. आपण हट्टाला पेटलो आहोत का, असा प्रश्न तिला पडला. "पंधरा डिसेंबरपर्यंत थांबू," ती म्हणाली.

बारा डिसेंबरला ई-मेल आली.

"माफ करा. कॉम्प्युटर पाण्यात गेला. मी ठीक आहे, आई ठीक आहे. चार नंबरच्या खोलीत एक मीटर पाणी होते. पलंग गेला, भिंती ओल्या आहेत. मार्चपर्यंत वास जाईल की नाही मला माहीत नाही. जानेवारीत मी स्वतः त्या खोलीत एक रात्र झोपेन आणि खरे सांगेन. चांगली नसेल तर दुसऱ्या हॉटेलचे नाव देईन."

लीलानं प्रमोदला बोलावून ती ई-मेल मोठ्यानं वाचून दाखवली. प्रमोदनं चष्मा काढून पुसला. "थांबू या," तोच म्हणाला. "असं कोण लिहितं?"

जानेवारीच्या अखेरीस थुईनं फोटो पाठवला. नव्यानं चुना दिलेली भिंत, नवा पलंग, आणि बाथरूमचं दार. पुराच्या पाण्यानं जुनी चौकट कुजली होती. ती काढावीच लागणार होती, तेव्हा थुईनं मालकाला सांगून नवी चौकट ऐंशी सेंटिमीटरची बसवून घेतली होती आणि खालची ती वाईट कड फोडून टाकायला लावली होती. "मी झोपले," तिनं लिहिलं होतं. "थोडा चुन्याचा वास आहे. खिडकी उघडली की जातो."

मार्चात तिघं गेली. ऑकलंड, सिंगापूर, सायगाव, दानांग असा लांबलचक प्रवास. लीलाचा पाय सुजला आणि प्रमोदच्या कपाळावरची आठी काही हलली नाही. हॉटेलच्या मागच्या दारात थुई उभी होती. लीलानं मनात धरली होती त्यापेक्षा ती बरीच लहान, जेमतेम पंचविशीची, निळ्या लांब झग्यातली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मग थुईनं जमिनीकडे बोट दाखवलं. "नो स्टेप," ती म्हणाली. लीला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाल्यावर लीला गळ्यात कापडी पिशवी अडकवून उठली. प्रमोदही उठला.

"तू थांब," ती म्हणाली. "मी एकटी जाऊन येते. दोन तासांत येईन. शोधायला येऊ नकोस."

प्रमोदनं इराकडे बघितलं. "पाण्याची बाटली घे," तो म्हणाला.

हवा मऊ होती, ऊन अजून चढायचं होतं. मोठा रस्ता ओलांडताना मोटरसायकलींच्या गर्दीनं तिला घाम फुटला. एका भाजीवालीनं हात आडवा धरून दोघा-चौघांना थांबवलं तेव्हा कुठे ती पलीकडे गेली. आणि मग गल्ली सुरू झाली. हॉर्न नाही, घाई नाही. कुबड्यांचा टकटक आवाज तिचा तिलाच ऐकू येत होता. भिंतींवर पुराच्या पाण्याची मातकट रेघ तिच्या खांद्याच्या उंचीवर अजून दिसत होती आणि तिच्यावर कुणी कुणी नवा पिवळा रंग चढवत होतं. एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरासमोर ती थबकली. खरोखरच वीतभर उंच उंबरा. आत बसलेली म्हातारी उठून आली, तिनं दाराच्या खांबावर थाप मारली आणि अंग तिरकं करून दाखवलं. लीलानं एक कुबडी तिच्या हाती दिली, खांब धरला, तिरकी झाली आणि आधी डावा पाय, मग कॅलिपरचा पाय आत घेतला. आत अंगण होतं, वर उघडं आभाळ, पाण्याच्या कुंडात तांबडे मासे. लीला तिथे किती वेळ उभी होती, तिला कळलं नाही.

बाहेर पडून नदीपर्यंत जाऊन येताना मात्र हात भरून आले. बसायला म्हणून तिनं एका दुकानातलं बाक गाठलं. दुकान चपला-बुटांचं होतं. दुकानदारानं पाणी दिलं, आणि पाणी देता देता त्याची नजर तिच्या पावलांवर गेली. लीलाचं उजवं पाऊल डाव्यापेक्षा दोन नंबरांनी लहान. उभ्या जन्मात तिनं डाव्याच्या मापाचे बूट घेऊन उजव्यात कापूस कोंबला होता. दुकानदारानं कागद जमिनीवर पसरला, पेन्सिल घेतली आणि हातानंच विचारलं, पाऊल ठेवता का?

लीलानं पट्टे सोडले. परक्या माणसासमोर तिनं ते कधीच सोडले नव्हते. त्यानं दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली, दोन वेगळी मापं दोन बाजूंना लिहिली, कॅलिपरची पट्टी बुटात कुठे बसते ते बोटानं चाचपून बघितलं आणि चामड्याचे नमुने पुढे ठेवले. काळा, तपकिरी, गर्द लाल.

लीलानं लालवर बोट ठेवलं.

हॉटेलवर पोचायला तिला साडेतीन तास लागले. प्रमोद पुढच्या पायऱ्यांवर बसला होता. चेहरा उतरलेला, हातातलं वर्तमानपत्र घामानं ओलं झालेलं.

"अरे, इथे उन्हात का बसलास?"

"तू म्हणालीस ना, शोधायला येऊ नकोस," तो म्हणाला. "म्हणून इथेच बसलो. दोनदा उठलो होतो, थुईनं बसवलं."

लीला त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि म्हातारीचा उंबरा, तांबडे मासे, बूट, सगळं भडाभडा सांगत सुटली. प्रमोद ऐकत होता. स्वतः न पाहिलेल्या जागेचं वर्णन बायकोकडून ऐकायची त्याची ती पहिलीच वेळ होती. "उद्या मला दाखवशील?" त्यानं विचारलं.

बूट तिसऱ्या दिवशी तयार झाले. लीलानं ते दुकानातच घातले आणि तिघं गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली. उजवं पाऊल बुटात सरकत नव्हतं. इरा एकदम म्हणाली, "आई, छान दिसतायत." ती मराठीत बोलली हे तिच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी थुई एक ई-मेल घेऊन आली. जर्मनीहून एक बाई व्हीलचेअरवरच्या नवऱ्याला घेऊन येणार होती आणि कुठली घरं आतून बघता येतील असं विचारत होती. थुईला हॉटेल माहीत होतं. गावातल्या घरांची मापं कुणी घेतली नव्हती.

"टेप आण," लीला म्हणाली.

लीला, इरा आणि थुई दुपारभर गल्ल्या फिरल्या. इरा खाली बसून उंबरे मोजायची, लीला लिहून घ्यायची, थुई घरमालकांशी बोलायची. दोन घरांना मागून सपाट दार निघालं, ते थुईलाही नवीन होतं. एका घरमालकानं फळी टाकून द्यायचं कबूल केलं. प्रमोद चौघांसाठी उसाचा रस आणायला गेला होता. तो परतला तेव्हा तिघी एका देवळाच्या दारात उभ्या होत्या आणि उंबरा नेमका कुठून मोजायचा यावर इरा आणि थुईचा वाद चालला होता. लीलानं रसाचा पेला हातात घेतला, एक घोट घेतला आणि दोघींना म्हणाली, "बाहेरून मोजा. येणारा माणूस बाहेरूनच येणार."